देवाचा खर्च आणि घराचा हिशेब: या चुका टाळा

सहा वर्षांपूर्वीच्या चतुर्थीला माझ्या पाटल्या गहाण होत्या. पाच दिवसांचा गणपती, मुंबईहून आलेले दीर-जावा, दारात मांडव, गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटवीभोवती रोषणाई, कशाची म्हणून उणीव नव्हती. पूजेत भटजींनी 'अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि' म्हटलं आणि ह्यांनी मूर्तीवर चार तांदूळ वाहिले. दागिन्यांच्या जागी अक्षता. हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, त्या दिवशी ते मोकळ्या मनगटाने ऐकले.

संकल्प सोडतानाही 'यथाशक्ति' म्हणतात, 'यथामिलित' म्हणतात. जेवढी ऐपत आणि जे मिळालं ते. देव एवढं सांभाळून घेतो, तर आम्हाला ऐपतीबाहेर नेलं कोणी? विसर्जनानंतर बिलं आणि चिठ्ठ्या गोळा करून आम्ही वही घातली, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या वहीने दाखवलेल्या चुका इथे लिहिते, कारण आमच्या देवगड तालुक्यात त्या घरोघर दिसतात.

देवाच्या पैशाचा हिशेब नको, असं मानणं

वही काढली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या पैशाचो हिशोब मांडूचो नसता गो." त्यांचा भाव खरा होता. मोजून-मापून देवाला दिलं तर श्रद्धा उणी पडते, असं त्यांना वाटे.

आमच्या शेजारच्या वहिनी मुसलमान. रमजानमध्ये त्या जकात काढतात. त्यासाठी घरातलं सोनं, वर्षभर राहिलेली शिल्लक, डोक्यावरची देणी असं सगळं आधी मांडावं लागतं. ठरलेल्या मर्यादेच्या वर शिल्लक भरली तर तिचे अडीच टक्के. त्यांच्याकडे हिशेब हेच धर्माचं काम. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण वही मिटायलाही त्यांनी सांगितलं नाही.

लोकांचा खर्च देवाच्या खाती घालणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. त्या वर्षी चतुर्थीला ६१,००० रुपये गेले. वहीत दोन रकाने पाडले, एक देवाचा आणि एक आपला. मूर्ती ३,५००. पूजेचं साहित्य, फळं, दक्षिणा आणि नैवेद्य मिळून ६,४००. देवाचा रकाना ९,९०० वर संपला.

उरलेले ५१,१०० आपले. मांडव आणि रोषणाई १४,०००. पाहुण्यांचा किराणा आणि गौरीनंतरची वडे-सागोती १३,०००. कपडे ११,०००. भजनी मंडळांचा चहा, उसळ, करंज्या ५,६००. फटाके ४,५००. भाड्याची गाडी ३,०००. एवढे पैसे आम्ही 'देवाचं आहे, हात आखडू नये' म्हणत काढत गेलो.

दुसऱ्या रकान्यातलं सगळं वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. रात्री अकराला दारात टाळ वाजले की चुलीवर उसळ तयार हवी. ती आम्ही कधी कमी केली नाही, करणारही नाही. फटाके गेले, झगमगती माळ गेली. माटवीला कवंडळं, कांगण्या, हरण, तेरडा आणि शेरवडं अशी फुलं-फळं बांधतो, ती रानातून येतात. हे सारं विकतच्या माळेमागे झाकून गेलं होतं.

तुमच्या घरात ओढाताण होत असेल तर आधी एवढंच करा. दोन रकाने पाडा. काय कमी करायचं ते कोणी सांगावं लागत नाही.

चतुर्थी येते तेव्हा हात रिकामा असतो, हे विसरणं

कोकणात पैसा येतो त्याला ऋतू आहे. काजू-आंब्याचा पैसा मे अखेरीपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. जूनमध्ये शाळेच्या वह्या-गणवेश, जुलैत लावणीची मजुरी. म्हणजे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात जातात न जातात, तोच चतुर्थी दारात. वर्षातला मोठा खर्च आणि वर्षातली कमीत कमी शिल्लक एकाच वेळी गाठ घेतात.

त्यात तिथी सरकते. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली, म्हणजे नोकरदाराचा पगार व्हायच्या आधी. २०२६ मध्ये अधिक मास असल्याने ती १४ सप्टेंबरला. म्हणून नवीन कॅलेंडर भिंतीवर लागलं की पहिल्यांदा ही तारीख बघावी.

आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, हातात आली की त्याच दिवशी चतुर्थीचे पैसे वेगळे काढायचे, हा आमचा नेम. पगार असेल तर बँकेत आवर्ती ठेव ठेवा, काही बँकांत ती सहा महिन्यांचीही मिळते. पोस्टाची पाच वर्षांची असते, या कामाला ती चालत नाही. आणि मुंबईकरांनी रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं ते लक्षात ठेवावं. ते चुकलं की बसचं भाडं कुठल्या कुठे जातं.

घाबरलेल्या मनाने बोललेला नवस

पोर तापाने फणफणलंय, होडी वादळात अडकलीय, अशा वेळी माणूस देवाला काहीही कबूल करतो. त्यात कोणाची चूक काढायला माझी जीभ वळत नाही. चूक पुढे होते. नवस फेडायला कर्ज काढलं जातं आणि ज्या पोरासाठी नवस बोलला त्याच्याच फीला पैसे उरत नाहीत. ऐपत नसेल तर देवळात जाऊन तसं गाऱ्हाणं घाला, मुदत मागा. गावात ही रीत आहे. त्यात देवाशी लबाडी नाही.

सोनेतारण 'नवं-जुनं' करत राहणं

वर्ष भरलं की नुसतं व्याज भरायचं आणि तेच कर्ज पुन्हा नवं करून घ्यायचं. आम्ही दोनदा केलं. दोन वर्षं व्याज गेलं, मुद्दल जागच्या जागी, आणि पाटल्या तिथेच. हप्ता थकत गेला तर सोनं लिलावात जाऊ शकतं. मुद्दलातले थोडे पैसे मधेच भरून घेतात का, हे शाखेत विचारा. बहुतेक ठिकाणी घेतात, आपण विचारत नाही. काजूचे पैसे आले तसे आम्ही थोडे थोडे मुद्दलात भरत गेलो आणि तिसऱ्या वर्षी पाटल्या सोडवल्या.

काटकसरीत दानाला पहिली कात्री

वही घातली त्याच वर्षी ही चूक माझ्याकडून झाली. खर्च कमी करायचा म्हणून गावच्या वाचनालयाची वर्गणी आणि शेजारच्या मुलीच्या शाळेला देत होतो ती मदत, दोन्ही खोडली. रोषणाई मात्र अर्धी का होईना ठेवली होती. सासूबाईंनी ते ऐकलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. भात टाकताना त्या रोज एक मूठ तांदूळ बाजूच्या डब्यात टाकतात. शिजवायचे तांदूळ मोजण्याच्या आधी. नवान्न पौर्णिमेला दाराला नवं बांधतो तेव्हाही लोंब्यांची एकच जुडी, पण ती पहिली. "आधी काढूचा, मगे मोजूचा," त्या म्हणाल्या.

वहीत आता तिसरा रकाना आहे. यंदा पहिली ओळ सासूबाईंनी सांगितली आणि माझ्या लेकीने लिहिली: दान, ३,०००. तिच्याखाली: मूर्ती, गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, पाट देऊन झाला.