वादविवाद स्पर्धेसाठी बातम्या वाचताना या चुका टाळा

खाणी, म्हादई, पर्यटन, शिक्षणाचे माध्यम हे विषय गोव्यातल्या वादविवाद स्पर्धांत फिरून फिरून येतात. मुले पेपर वाचतात, कात्रणेही ठेवतात, आणि तरी प्रतिपक्षाच्या एका प्रश्नावर अडखळतात. बहुतेक वेळा बातमी माहीत असते, पण ती कोणत्या टप्प्यावरची आहे हे माहीत नसते.

मागचे न वाचता आजचे वाचणे

"सर्वोच्च न्यायालयाने खाणी बंद केल्या" हे वाक्य हमखास ऐकू येते. कोणत्या वेळी? 2012 मध्ये शाह आयोगाच्या अहवालानंतर बेकायदा खाणकामाच्या मुद्द्यावर बंदी आली. एप्रिल 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली. पुढे 7 फेब्रुवारी 2018 च्या निवाड्याने 88 खाण लिजांचे (खाणपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द झाले आणि 16 मार्चपासून उत्खनन थांबले. दोन वेगळ्या घटना, दोन वेगळी कारणे. त्यांची सरमिसळ झाली, की खंडनाला आलेला विद्यार्थी तेवढाच धागा पकडून सगळे भाषण उसवतो.

उपाय सोपा आहे. वहीत प्रत्येक विषयाला एक पान द्या आणि वरच्या भागात पाच-सहा तारखा उतरत्या क्रमाने लिहा. तारखेपुढे घटनेचा प्रकार हवाच: घोषणा, विधेयक, कायदा, अधिसूचना, अंतरिम आदेश की अंतिम निवाडा. मंत्र्यांनी पत्रकार परिषदेत सांगितलेले आणि राजपत्रात आलेले एकाच तोलाचे मानू नका.

आकडा अर्धाच उचलणे

म्हादई नदीच्या जलतंट्यात लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. हा आकडा पाठ असतो. पण "एवढे पाणी मलप्रभेत (कर्नाटकातल्या नदीत) वळवणार" असे म्हटले की चूक झाली. खोऱ्याबाहेर वळवण्यासाठीचा वाटा 3.9 टीएमसी आहे: कळसा प्रकल्पासाठी 1.72 आणि भांडुरा प्रकल्पासाठी 2.18. खोऱ्यातल्या वापरासाठी 1.5 आणि जलविद्युत प्रकल्पासाठी 8.02. बेरीज करून पाहा, 13.42 जुळते. गोव्याची बाजू मांडणाऱ्याला 3.9 हा लहान आकडा अडचणीचा वाटतो. तो स्वतःहून सांगावा आणि उन्हाळ्यात, प्रवाह आटलेला असताना, तेवढ्या पाण्याने काय फरक पडतो यावर बोलावे. लपवलेला आकडा प्रतिपक्षाने काढला तर तो आपल्यावरच उलटतो. शिवाय निवाड्याविरुद्ध गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र ही तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत, हेही त्याच पानावर हवे.

आकड्याशेजारी नेहमी तीन गोष्टी लिहा: एकक, वर्ष, कोणी दिला. स्थानिक आकड्यांसाठी विधानसभेतल्या अतारांकित प्रश्नांची (ज्यांना लेखी उत्तर मिळते अशा प्रश्नांची) उत्तरे शोधा. तिथे पुष्कळदा तालुकावार तपशील मिळतो आणि मुले तिकडे फिरकतही नाहीत, याची खंत वाटते. भाषणात मात्र तीनपेक्षा जास्त आकडे नकोत. परीक्षकाच्या कानात तेवढेच राहतात.

अग्रलेखाला बातमी समजणे

अग्रलेखातून युक्तिवाद घ्या, पुरावा घेऊ नका. एकच बातमी 'तरुण भारत', 'नवप्रभा' आणि एखाद्या इंग्रजी पेपरात वाचली, की तिघांत समान काय आणि कोणाची पुस्ती कोणती हे दहा मिनिटांत दिसते. व्हॉट्सअॅपवर फिरणारे कात्रण तारखेशिवाय असेल तर सोडून द्या.

आवडीच्या बाजूचेच टिपण काढणे

स्पर्धेत बाजू अनेकदा चिठ्ठीने ठरते. सत्तरी किंवा डिचोलीतल्या मुलाला खाणींबद्दल घरातूनच एक मत मिळालेले असते, ते स्वाभाविक आहे. पण वहीच्या पानाचे उभे दोन भाग करून विरोधी भाग आधी भरायला लावा. खाणी सुरू व्हाव्यात म्हणणाऱ्याने शेतात उतरणारा गाळ आणि आटलेल्या विहिरी लिहाव्यात; बंद राहाव्यात म्हणणाऱ्याने ट्रकमालकांचे कर्जाचे हप्ते आणि बार्जवरचा रोजगार. प्रत्येक मुद्द्याला दोन ओळींचे उत्तर तयार हवे.

वेळ पार्श्वभूमीतच घालवणे

इतकी माहिती जमली की ती सगळी सांगावीशी वाटते. पाच मिनिटांच्या भाषणात पार्श्वभूमी 40 सेकंदांत आटपा. घड्याळ लावून मोजा. दीड मिनिट झाले तर तारखा कमी करा, मुद्दे नव्हे. आदल्या रात्री नवे काही पाठ करू नका, फक्त न्यायालयातली पुढची तारीख किंवा नवा आदेश आला आहे का ते पाहा आणि पानाच्या वर लिहा.