अकराशे तासांची वही: चिपळुणात बसून सुपरव्हिजन कसं घ्यायचं

"मॅडम, माझे अकराशे तास भरले. आता अर्ज कुठे करू?"

गुहागरकडची मुलगी. एम.ए. सायकॉलॉजी झालेली, दोन वर्षं एका शाळेत समुपदेशक. हातात रेघा मारून आखलेली वही: तारीख, तास, विषय, सही. इतकी नेटकी वही मी एम.फिल.ला असतानासुद्धा ठेवली नव्हती. या वहीवर आपल्याकडे कुणी लायसन देत नाही, हे तिला मलाच सांगावं लागलं. तिचा चेहरा बघून आधी आत जाऊन चहा टाकला, मग सांगितलं.

तास भरले की लायसन मिळतं, हा घोळ घेऊन दर एक-दोन महिन्यांनी कुणीतरी माझ्या दारात उभं असतं, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते. मी चिपळुणात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि काही वर्षांपासून सुपरव्हिजनही देते, म्हणजे नवख्या समुपदेशकांबरोबर बसून त्यांच्या केसेस तपासते. पर्यवेक्षण असा मराठी शब्द आहे, पण तो ऐकला की मला परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी पकडायला फिरणारे मास्तर दिसतात. तेव्हा सुपरव्हिजनच म्हणू.

तास कुठले मोजतात

घोळाचं मूळ इंटरनेटवर आहे. "लायसनसाठी ३,००० तास" असं जे सगळीकडे वाचायला मिळतं ते अमेरिकेतलं. तिकडे प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं. कॅलिफोर्नियात मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट व्हायचं तर मास्टर्सनंतर असोसिएट म्हणून नोंदणी करायची आणि एकूण ३,००० तास भरायचे. त्यातले किमान १,७५० प्रत्यक्ष समुपदेशनाचे, आणि सुपरव्हिजन किमान १०४ आठवडे. ज्या आठवड्याचे तास धरायचे त्या आठवड्यात निदान एक तास समोरासमोर किंवा दोन तास गटात सुपरव्हिजन झालेलं असलं पाहिजे. टेक्सासमध्येही प्रोफेशनल काउन्सेलरला ३,००० तासच, पण त्यातले १,५०० प्रत्यक्ष, आणि अठरा महिन्यांच्या आत संपवता येत नाहीत. लग्न होऊन तिकडे जाणाऱ्या मुलींनो, आधी राज्य ठरू दे, मग त्या राज्याच्या बोर्डाचे नियम वाचा. इथे भरलेली वही तिकडे चालेल असं धरून चालू नका.

आपल्याकडे चाल उलटी आहे. तास पदवीनंतर नाही, कोर्सच्या आत मोजतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या बघा: एक तर भारतीय पुनर्वास परिषदेनं, म्हणजे आरसीआयनं मान्य केलेल्या संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्य पात्रता, नाहीतर मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., ज्यात देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण असेल. शिवाय तो कोर्सही आरसीआयनं मान्य केलेला हवा. सायकियाट्रिक सोशल वर्करलाही एम.एस.डब्ल्यू.नंतर तसंच दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. "पूर्णवेळ" या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारा. शाळेतली नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी होणारं कुठलंही सर्टिफिकेट त्यात बसत नाही, मग त्यावर सोनेरी शिक्का का असेना.

मान्य कोर्स झाला की आरसीआयकडे नोंदणी, त्याचा सीआरआर नंबर (केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतला क्रमांक), आणि पुढे नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १०० सीआरई पॉइंट, म्हणजे चालू शिक्षणाचे गुण. राज्यातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य नर्स आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणानं करावी, अशीही २०१७ च्या कायद्यात तरतूद आहे. नोंदणी नसताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावणं हा १९९२ च्या आरसीआय कायद्यानं गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा वाचून हसू येतं. कैदेचा वाचून येत नाही.

प्रवेश घेण्याआधी एक बघा. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केलं आणि क्लिनिकल सायकॉलॉजी व सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ना २०२५-२६ पर्यंत मुभा दिली होती. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या ताईनं सांगितलेला रस्ता आज तसाच असेल असं नाही. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची मान्य कोर्सची यादी आरसीआयच्या साइटवर स्वतः उघडून बघा. कॉलेजच्या ऑफिसातल्या माणसाच्या तोंडावर विसंबू नका.

आणि ज्यांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंच नाही, समुपदेशकच राहायचंय? त्यांच्यासाठी २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात समुपदेशक, सोशल वर्कर आणि क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ येतात. त्यात हेल्थकेअर प्रोफेशनलच्या पदवीला किमान ३,६०० तास सांगितलेत. तेही पुन्हा कोर्सच्याच आतले.

मग ही वही कशाला?

गुहागरच्या मुलीनं हेच विचारलं. मी तिला म्हटलं, तुझ्याकडे रोज पोरं येतात ना? त्यांच्यासाठी.

गावात काम करणाऱ्याला सुपरव्हिजन शहरातल्यापेक्षा जास्त लागतं. मुंबईत पेशंट लोकलमध्ये भेटला तर नजर चुकवून पुढच्या डब्यात जाता येतं. इथे तो मच्छी घेताना शेजारी उभा असतो, त्याची आत्या तुमच्या सासूबरोबर भजनाला असते, आणि "आमचा बाळ्या कसा वाटला ओ तुम्हाला?" हे भर रस्त्यात, रिक्षावाल्यासमोर विचारलं जातं. यातलं काय बोलायचं, काय गिळायचं हे पुस्तकात नाही.

म्हणून पहिला नियम: सुपरव्हायझर तालुक्याबाहेरचा शोधा. चिपळुणात कुठल्याही दोन माणसांत तिसरं नातं निघतंच. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या जुन्या चारांपैकी एक (बाकीची ठाणे, पुणे, नागपूर). सावंतवाडी-कुडाळकडच्यांना गोव्यातली बांबोळीची मानसोपचार संस्था पुण्यापेक्षा जवळ. अशा ठिकाणी काम केलेली, आता स्वतंत्र प्रॅक्टिस करणारी माणसं मिळतात. बाकी ऑनलाइन आहेच. मात्र व्हिडिओ कॉल भर पावसात ठेवलात तर अर्धा तास "ऐकू येतंय का" यातच जातो. माझ्याकडे सुपरव्हिजन घेणाऱ्या दोन मुली जुलैत साध्या फोनवर बोलतात आणि महिन्यातून एकदा एसटीनं येतात.

सुपरव्हायझरला पहिल्याच फोनवर सरळ विचारा: तुमची नोंदणी कुठली? तुम्ही स्वतः कुणाकडे सुपरव्हिजन घेता? लहान मुलांचं काम केलंय का? दोन सेशनच्या मध्ये अडलं तर फोन केलेला चालेल का? दुसऱ्या प्रश्नावर जो चिडेल त्याला नमस्कार करून फोन ठेवा.

फी आधी ठरवा आणि पैशांतच द्या. एका वर्षी एकीनं फीच्या बदल्यात हापूसची पेटी आणली, घरच्याच कलमांची. मी परत पाठवली. घरातल्यांनी मला अजून माफ केलेलं नाही. पण उद्या तिच्या कामात चूक काढायची तर तोंडात तिचाच आंबा नको.

एक पानभर करार लिहा. किती दिवसांनी भेटायचं, फी किती, कुठली गोष्ट त्याच दिवशी कळवायची, कागद कुणाकडे राहणार, कुणाला थांबायचं असेल तर किती आधी सांगायचं. दोघांच्या सह्या. एवढं पुरतं.

केस न्यायची कशी

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

सेशन रेकॉर्ड करा असं पुस्तक सांगतं. आमच्याकडे मोबाइल टेबलावर नुसता उलटा ठेवला तरी पेशंट विचारतो, "ह्ये मुंबयला धाडणार काय?" नाही म्हणाला तर विषय सोडा. त्याऐवजी सेशन संपल्या संपल्या, चहा प्यायच्या आधी, जिथे तुम्ही अडलात ती दहा मिनिटं संवादासारखी लिहून काढा. तो काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात. त्याच्याच शब्दांत. तुमची चूक बहुतेक वेळा तुमच्याच वाक्यात सापडते.

त्याच्याच शब्दांत, हे पुन्हा सांगते. एकदा एका मुलानं केस आणली: पन्नाशीचा गडी, "कानात आवाज येतात, भास". मी विचारलं, तो नेमका काय म्हणाला? त्यानं वही चाळून सांगितलं, "रात्री राखणदार हाक मारतो." राखणदार म्हणजे गावाची राखण करणारं दैवत. आता ही हाक त्या वाडीत निम्म्या लोकांनी ऐकलेली असते. नुसत्या हाकेवरून आजार ठरत नाही. पण म्हणून "आपल्याकडचीच समजूत" असं म्हणून वही मिटायचीही नाही. पुढे विचारलं, झोपतो का? जेवतो का? कामावर जातो का? दोन महिने झोप नव्हती, जेवण सुटलं होतं, आणि भावानं जेवणात काही घातलंय म्हणून तो स्वतःच्या हातानं भात शिजवत होता. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवला. "भास" एवढाच एक शब्द वहीत असता तर या दोन्हीतलं काहीच कळलं नसतं. सुपरव्हायझर पुण्याचा असेल तर राखणदार, कौल, गाऱ्हाणं, चाकरमानी हे तुम्हीच समजावून सांगा. त्याला ठाऊक असेल असं धरू नका.

काही गोष्टी पुढच्या तारखेपर्यंत थांबत नाहीत. कुणी जीव द्यायचं बोललं तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरला सांगा, सुपरव्हायझरला फोन करा, आणि त्या पेशंटच्या हातात टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. शाळेत काम करणाऱ्यांनी तर हे पाठच करावं: मुलाच्या लैंगिक छळाची शंका आली की २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापक "आधी आपापसांत बघू" म्हणाले, सुपरव्हायझर "थांब जरा" म्हणाला, तरी जबाबदारी तुमची सुटत नाही. आणि गोळ्या सुचवू नका, शेजारच्या काकूंना चालली असली तरी. आपल्या कार्यक्षेत्राबाहेरचा उपचार सुचवायला २०१७ च्या कायद्याची मनाई आहे.

वही भिजली त्या दिवशी

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझी खोली तळमजल्यावर होती. दुसऱ्या दिवशी चिखलातून कपाट उघडलं. चौदा वह्या. निम्म्या लगदा झालेल्या, निम्म्या वाचतील अशा वाटल्या, म्हणून गच्चीत दोरीवर पानं वाळत घातली, कपड्यांसारखी. दुपारी वर गेले तर शेजारच्या आजी चष्मा लावून एक पान वाचत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगो, ही आपल्या सुताराची सून ना?"

त्या दिवसापासून सुपरव्हिजनच्या वहीत नाव नाही, गाव नाही, वाडी नाही, धंदासुद्धा बदलून. "प१", "प२" असं. कुणाचं काय ही चावी वेगळ्या कागदावर, वेगळ्या घरात. गोपनीयतेचा हक्क पेशंटला कायद्यानंच दिलेला आहे, पण मला तो खरा कळला त्या आजींच्या चष्म्यामुळे. सुपरव्हायझरची सही झालेल्या पानाचा महिन्याला एक फोटो काढून ठेवा, पासवर्ड लावून. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही, "लगेच डिलीट करते" म्हणत सुद्धा नाही.

वहीत तासांचा रकाना असू दे, पण त्याच्या शेजारी आणखी दोन पाडा: कुठे अडले, आणि पुढच्या वेळी काय वेगळं केलं. गुहागरच्या मुलीनं तसे पाडले. पहिल्या महिन्यात दोन्ही रकाने कोरे होते. तिसऱ्या महिन्यात तिनं लिहिलं होतं, "प४ रडला की मीच घाईनं विषय बदलते." त्यावर आमचे तीन तास गेले.

सुपरव्हायझरकडून दर सहा महिन्यांनी सही-तारखेचं पत्र घ्या: कधीपासून कधीपर्यंत, किती तास, कशा प्रकारचं काम. शेवटी एकदम मागू म्हणून ठेवू नका. माणसं बदली होऊन जातात, मुलाकडे परदेशी जातात, वारतातही. हे पत्र लायसन नव्हे, पण नोकरीच्या मुलाखतीला आणि मान्य कोर्सच्या प्रवेशाला दाखवायला हातात काहीतरी असतं.

आणि शिमगा-गणपतीत तारीख देऊ-घेऊ नका. ढोल वाजायला लागले की पेशंट येत नाही, सुपरव्हायझर गावी, आणि तुमच्या स्वतःच्या घरी पालखी. त्या दोन आठवड्यांची भरपाई कशी करायची, ते मघाशी सांगितलेल्या करारातच लिहून टाका.