मुलांना मजकूर तपासायला शिकवताय? या चुका टाळा

सहावी ते आठवीच्या मुलांना बातमी, लेख, व्हिडिओ, फॉरवर्ड डोळसपणे कसे वाचायचे, हे मी बरीच वर्षं शिकवते आहे. इतर शिक्षकांच्या तासांनाही मागच्या बाकावर जाऊन बसते. दरवर्षी त्याच चुका दिसतात. त्यातल्या दोन चुकांनी इतकं नुकसान होतं की त्यांच्यावर सविस्तर लिहायलाच हवं.

'कशावरही विश्वास ठेवू नका' असं शिकवणं

झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची एक वेबसाइट १९९८ मध्ये तयार झाली. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलांत हा प्राणी राहतो, तो नामशेष होतोय, त्याला वाचवा, असं आवाहन तिच्यावर आहे. असा प्राणी मुळात नाहीच, सगळं रचलेलं आहे. माध्यम साक्षरता शिकवणारे अनेक जण हे उदाहरण घेतात, मीही घेतलं. सातवीचा वर्ग, ३६ मुलं. जवळपास सगळ्यांनी ते खरं मानलं. दोघींनी तर त्याला वाचवण्यासाठी पत्र लिहायला घेतलं. मग मी खरं काय ते सांगितलं. मुलं चकित झाली आणि मला वाटलं, आपल्याला गुरुकिल्ली सापडली. पुढचे दोन आठवडे मी एकामागून एक खोटे मजकूरच आणत राहिले. मुलं ते चटाचट पकडायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात मी चार ओळींचा परिच्छेद दिला. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं. हे अगदी खरं आहे. त्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रथिनात लोहाऐवजी तांबं असतं, म्हणून तो निळा रंग. ३६ पैकी ३४ मुलांनी 'खोटं' लिहिलं. कारण विचारलं, तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही आणलंय म्हणजे खोटंच असणार."

कुणीही एक पुस्तक उघडलं नव्हतं. आधी सगळं खरं होतं, आता सगळं खोटं झालं, आणि तपासणं दोन्ही वेळा राहूनच गेलं. त्याच आठवड्यात विज्ञानाच्या बाई मला म्हणाल्या, तुमची मुलं प्रत्येक वाक्याला 'कशावरून?' विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. ते वाक्य मला फार लागलं. सगळेच खोटं बोलतात असं एकदा मनात बसलं की मूल आवडेल ते धरायला मोकळं होतं. भोळ्या मुलापेक्षा अशा मुलाला समजावणं कठीण.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. तीन मजकूर नेले तर त्यातले दोन खरे असतात, आणि त्यातला एक ऐकताना अशक्य वाटणारा. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला पृथ्वीवरचे सुमारे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला सुमारे २२५. वॉम्बॅट नावाच्या प्राण्याच्या लेंड्या ठोकळ्यांसारख्या चौकोनी असतात. फळ्यावर तीन रकाने आखते: खरं, खोटं, 'अजून कळलं नाही'. तिसऱ्या रकान्यात नाव लिहिणाऱ्याचे गुण मी कधीही कापत नाही. तपासण्याआधी प्रत्येकाने वहीत खात्रीचा आकडा लिहायचा, दहापैकी किती. तपासल्यावर पुन्हा लिहायचा. आकडा हलला का आणि कशामुळे हलला, यावरच सगळा तास जातो. ज्यांना पहिल्याच तासाला टाळ्या हव्या असतात त्यांना हे फार संथ वाटतं. वाटू दे.

एकाच पानाला दहा प्रश्न विचारत बसणं

लेखकाचं नाव आहे का? तारीख आहे का? संपर्काचा पत्ता आहे का? शुद्धलेखन बरोबर आहे का? असा छापील तक्ता वाटायचा, मुलांनी बरोबरच्या खुणा करायच्या, बेरीज करायची, सात गुण मिळाले की पान विश्वासार्ह. तक्ता तयार असला की शिक्षकाला तयारी लागत नाही, म्हणून तो इतका लोकप्रिय आहे. पण ज्याला फसवायचं आहे तो नाव, तारीख, पत्ता आणि नीटनेटकं शुद्धलेखन सगळं देतोच. झाडावरचा ऑक्टोपससुद्धा अशा तक्त्यातून सहज सुटतो.

२०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना वेबसाइट तपासायला दिल्या: १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं त्यात होती. एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटलेला छोटा गट. विद्यार्थी आणि बरेच इतिहासतज्ज्ञ त्याच पानावर वर-खाली वाचत राहिले, बोधचिन्ह आणि मांडणी बघत राहिले आणि फसले. तपासनिसांनी पान जेमतेम पाहिलं, नवे टॅब उघडले आणि या संघटनांबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी शोधलं.

मी याला वर्गात 'आडवं वाचन' म्हणते. एका पानात खोल उतरण्याआधी आजूबाजूला बघून यायचं. मुलांच्या हातात मी एकच प्रश्न देते: "हे सांगणारा कोण, आणि त्याच्याबद्दल दुसरं कोण काय सांगतं?" पान सोडायला दोन मिनिटं, परत यायला दोन मिनिटं. बाहेरचे किमान दोन दुवे वहीत हवेत, आणि ते एकमेकांची नक्कल नसावेत. इथे उतावळी मुलं शोधात आलेला पहिला निकाल उचलतात, म्हणून पूर्ण यादी वाचल्याशिवाय क्लिक करायचं नाही असा माझा नियम आहे. चॅटबॉटला 'हे खरं आहे का?' विचारून आलेलं उत्तर मी पुरावा म्हणून घेत नाही. त्याने सांगितलेलं मूळ ठिकाण उघडून वाचलं असेल तर ते ठिकाण चालेल.

फक्त 'खरं की खोटं?' विचारणं

१९९७ मध्ये अमेरिकेत १४ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने ५० नववीच्या मुलांना एका रसायनाची माहिती दिली. ते श्वासातून आत गेलं तर जीव जातो, आम्लवर्षेत ते असतं, आणि असंच बरंच काही. ४३ जणांनी त्यावर बंदी घाला म्हटलं. ते रसायन म्हणजे पाणी. खोट्या माहितीची गरजच पडली नाही. म्हणून दुसरा प्रश्न हवाच: काय सांगितलं नाही?

याच्यासाठी माझं आवडतं हत्यार व्याकरणाच्या तासातलं आहे. 'खेळाडूला संघातून वगळण्यात आले.' 'निर्णय घेण्यात आला.' 'असे बोलले जाते.' 'सूत्रांनी सांगितले.' मुलांना सांगते, कर्ता घालून वाक्य पुन्हा लिहा. मुलं पेन घेऊन बसतात आणि पहिल्याच शब्दाला अडतात. कुणी वगळलं? कुणी घेतला? कोण बोलतं? मग सगळी बातमी वरपासून पुन्हा वाचली जाते, नाव शोधण्यासाठी. काही वेळा ते तिसऱ्या परिच्छेदात सापडतं, काही वेळा कुठेच नसतं, आणि मग ते का नसेल यावर मुलं आपसात वाद घालतात. बाहेरून आणलेल्या कुठल्याही चकचकीत वर्कशीटने माझ्या वर्गात इतकं बारीक वाचन घडवलेलं नाही.

'फोटो एडिट केलाय का?' यावर थांबणं

१९१७ मध्ये इंग्लंडमधल्या कॉटिंग्ले गावात १६ वर्षांच्या एल्सी राइट आणि ९ वर्षांच्या फ्रान्सिस ग्रिफिथ्स या मावसबहिणींनी पऱ्यांचे फोटो काढले. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉयल यांच्यासारख्या माणसाचाही त्यावर विश्वास बसला. १९८३ मध्ये दोघींनी कबूल केलं की कागदाच्या पऱ्या कापून टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या. कॅमेऱ्यासमोर जे होतं तेच फोटोत आलं होतं. आजही मला जास्त करून भेटतात ते खरे फोटो आणि त्याखालच्या खोट्या ओळी: जुनी घटना, नवं नाव. म्हणून आधी फोटोवरून उलटा शोध घ्यायचा, म्हणजे शब्दांऐवजी तो फोटोच शोधयंत्रात टाकायचा, आणि तो पहिल्यांदा कधी दिसला ते बघायचं. हाताची बोटं मोजून एआयचं चित्र ओळखायची युक्ती आता शिकवू नका, ती चित्रं फार सुधारली आहेत.

आणखी काही, थोडक्यात

'तुझं मत काय?' आधी विचारू नका. लेखक काय म्हणतो ते त्याला पटेल अशा शब्दांत आधी सांगता आलं पाहिजे.

'प्रायोजित' या शब्दाचा अर्थ मुलांना माहीत आहे असं धरून चालू नका. स्टॅनफर्डच्या २०१६ च्या अहवालात या वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी असं लेबल लावलेली जाहिरात खरी बातमी समजली होती.

पाठ्यपुस्तकाला सूट देऊ नका. कर्ता शोधायचा व्यायाम तिथेही करा.

घरच्यांचे फॉरवर्ड वर्गात वाचून दाखवू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने घरी जाऊन आजोबांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं आणि आजोबा चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. आता आम्ही वाक्य घोकून घेतो: "आजोबा, हे तुम्हाला कुणी पाठवलं? आपण दोघं शोधू या का?"

आणि वर्षातून एक दिवस कार्यशाळा घेऊन मोकळे होऊ नका. मी आठवड्यातून दोनदा तासाची पहिली दहा मिनिटं घेते. एक मजकूर, एक प्रश्न. धडा मागे पडला तरी ही दहा मिनिटं मी सोडत नाही.