डिसेंबरात क्लायंट कुलूप लावतो तेव्हा: बिनपगारी सुट्ट्या कशा सांभाळायच्या

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की मेल येतो: ऑफिस २४ तारखेपासून १ जानेवारीपर्यंत बंद, सगळ्यांना शुभेच्छा. तिकडच्या पगारी माणसांना आनंदच आहे. पण बेळगावच्या टिळकवाडीत घरी बसून त्यांच्यासाठी तासावर ड्रॉइंग काढणाऱ्याला किंवा कोड लिहिणाऱ्याला आधी आठवतो तो फ्लॅटचा हप्ता. कामाचे सहा-सात दिवस गेले म्हणजे महिन्याचं पाव बिल गेलं. इथल्या उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांसाठी बाहेरून डिझाइन किंवा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांचं दिवाळीत हेच होतं.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. बंद ठेवायचं की नाही हे क्लायंट ठरवणार. कर्नाटकात राष्ट्रीय आणि सणांच्या पगारी सुट्ट्यांचा १९६३ चा कायदा आहे, पण तो आस्थापनेच्या कामगारांसाठी आहे. बिल लावून काम करणारा त्यात बसत नाही. तेव्हा सुट्टीवरून वाद घालून हाती काही लागत नाही. आपण अडून बसायचं ते दोनच गोष्टींवर: आधी कळवणं आणि जे ठरलं ते लिहून घेणं.

१. तीन कॅलेंडरं एकाखाली एक लावा

आपल्या भागात एकाच माणसाचा एक क्लायंट अमेरिकेत, दुसरा पुण्यात आणि तिसरा उद्यमबागेत असतो. तिघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत. अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा. त्याला जोडून शुक्रवारही बहुतेक ठिकाणी जातो. इटलीत १५ ऑगस्टच्या मागेपुढे कारखाने बंद, जपानमध्ये एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुट्ट्यांची रांग. पुण्याची शिवजयंती १९ फेब्रुवारीला, आपली वैशाखात तिथीप्रमाणे, आणि चित्ररथाच्या रात्री शहरात कोण कॉलवर बसणार? १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, बेळगावात काय वातावरण असतं ते इथल्यांना सांगायला नको. पुण्याच्या क्लायंटला मात्र त्या दिवशी इकडे बँका बंद असतात हेसुद्धा माहीत नसतं. त्याला ते आपणच कळवायचं.

कारखान्यांच्या तारखा काढायची वेगळी रीत आहे. ऑफिसात विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "बघू की ओ, मालकांनी अजून सांगितलं नाही." म्हणून मेंटेनन्सवाल्याला गाठा आणि विचारा, "यंदा फर्नेसचं लायनिंग कधी धरलंय?" भट्टी बंद असल्याशिवाय लायनिंग, म्हणजे तिचं आतलं अस्तर घालणं, होत नाही आणि त्या कारागिरांना आधीपासून सांगून ठेवावं लागतं. त्यामुळे मालकांनी 'न ठरवलेल्या' तारखा त्याच्या वहीत कधीच लिहिलेल्या असतात.

२. दर ठरवताना ३६५ दिवस मोजू नका

बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. समजा घरखर्चाला महिना ६०,००० हवेत, म्हणजे वर्षाला ७,२०,०००. शनिवार-रविवार सोडून वर्षात साधारण २६० दिवस. भागाकार केला तर रोजचे २,७७० च्या आसपास आले, आणि तोच दर क्लायंटला सांगून आपण मोकळे होतो.

आता वजाबाकी करा. क्लायंटचं शटडाउन १० दिवस, इतर सुट्ट्या ८, गणपती-दिवाळी-गावची जत्रा मिळून आपले १०, आजारपण ५, एक काम संपून दुसरं लागेपर्यंतचे २०. उरले २०७. आता दर येतो जवळपास ३,४८०. मधला फरक कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही. तो दरातच धरायचा असतो. टॅक्स, लॅपटॉप, वीज, इंटरनेट यांचा हिशेब अजून वेगळाच. दर वाढवणं लगेच जमणार नसेल तर कराराच्या पुढच्या नूतनीकरणासाठी हा कागद जपून ठेवा.

३. करारात दोन ओळी घालून घ्या

या लेखातलं बाकी काही केलं नाहीत तरी हे करा. पहिली ओळ साधारण अशी:

"क्लायंटचं काम सलग तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असल्यास किमान ३० दिवस आधी लेखी कळवावं. तसं न कळवल्यास त्या दिवसांचं बिल निम्म्या दराने होईल."

निम्मा दर वसूल होईलच असं नाही, आणि माझ्या मते त्यासाठी ओळ घालायचीही नसते. दंड कागदावर असला की समोरच्याच्या कॅलेंडरमध्ये तुमचं नाव चढतं, आणि नोटीस वेळेवर येते.

दुसरी ओळ मासिक किमान बिलाची: काम असो वा नसो, महिन्याला इतक्या तासांचं बिल होईल. वर्षभर नियमित काम देणारा क्लायंट हे मान्य करू शकतो, फक्त आकडा बेताचा हवा. महिन्याला १६० तास करत असाल तर १०० ची हमी मागा. १५० मागितलीत तर ते म्हणतील, मग नोकरीच करा की.

मध्ये एजन्सी असेल तर जरा अवघड. त्यांचा करार छापील असतो आणि त्यात बहुतेक वेळा "अंतिम क्लायंटने काम न दिल्यास मोबदला देय नाही" असं काही लिहिलेलं असतं. ते बदलून मिळेल या भरवशावर राहू नका. सहीच्या आधी एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी ही कंपनी किती दिवस बंद होती? उत्तर मेलवर घ्या आणि मग दराचं बोला.

४. विषय दिवाळीच्या आधी काढा

डिसेंबरात विचारलं तर ती तक्रार वाटते. ऑक्टोबरात तोच प्रश्न नियोजन ठरतो. शिवाय ज्यांचं आर्थिक वर्ष डिसेंबरात संपतं अशा परदेशी कंपन्यांत वर्षअखेरीला थोडं बजेट शिल्लक राहिलेलं असू शकतं. ते कुठे लावायचं हे ठरायच्या आत तुमचा प्रस्ताव टेबलावर पाहिजे.

प्रस्ताव कशाचा? सगळे घरी गेल्यावरच होणारी कामं शोधा. कारखान्यांना हे पक्कं कळतं. दिवाळीत बाकीचे फटाके उडवत असताना लायनिंगवाले, क्रेन तपासणारे, कॉम्प्रेसर उघडणारे, रंगवाले यांचा सीझन चालू असतो. ऑफिसच्या कामातही अशी जागा असते. जुन्या पॅटर्नची (ओतकामाच्या नमुन्यांची) कागदी ड्रॉइंग कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर, घेणं, सर्व्हर बदलणं, एका सॉफ्टवेअरमधला डेटा दुसरीकडे हलवणं, रखडलेली मॅन्युअलं पूर्ण करणं: रोजच्या धावपळीत यांना हात लावायची सोय नसते.

मेल छोटा ठेवा. मजकूर असा काही:

"डिसेंबरच्या शेवटी तुमच्याकडे सुट्टी असेल असं धरून चाललोय. नक्की तारखा कळल्या तर बरं होईल. त्या काळात पार्ट लायब्ररीची साफसफाई करता येईल. मला कुणाला काही विचारावं लागणार नाही. अंदाजे ३० तास लागतील. १५ नोव्हेंबरपर्यंत होकार आला तर तो आठवडा तुमच्यासाठी राखून ठेवतो, नाहीतर दुसरं काम घेतो."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यात धमकी नाही, पण तुमच्या आठवड्याला किंमत आहे हे कळतं. "सर, काही छोटंमोठं असलं तर द्या" अशी आर्जवं करू नका. त्याने काम मिळत नाही, आणि पुढच्या दराच्या बोलण्यात आपली बाजू लंगडी पडते.

५. "जरा लक्ष असू दे" याचा दर सांगा

बिनपगारी सुट्टीपेक्षा वाईट म्हणजे बिनपगारी पहारा. निघता निघता कुणीतरी म्हणतं, आम्ही नाही आहोत, तेवढं काही बंद पडलं तर बघा. आपण होय म्हणतो, आणि मग नऊ दिवस फोन उशाशी घेऊन झोपतो. अमेरिकेचा पूर्व किनारा हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. त्यांच्या दुपारी काही बिघडलं तर तुमची मध्यरात्र.

तिथल्या तिथे, हसतमुखाने सांगा: हाताशी राहण्याचे रोजचे इतके, प्रत्यक्ष काम निघालं तर तासाला नेहमीच्या दीडपट. नको असेल तर हरकत नाही, मग २ तारखेला भेटू. जुना, जिव्हाळ्याचा क्लायंट असेल तर एखादा फोन तसाच घ्यावा, आपणही माणसं आहोत. मात्र बिलात ती ओळ लिहा आणि समोर 'सवलत, शून्य रुपये' असं दाखवा.

६. बिल कुलपाच्या आधी पोचवा

अकाउंट्सची माणसं बाकीच्यांच्या आधी गायब होतात. महिनाअखेरीची वाट न पाहता १५ डिसेंबरच्या आसपास तोवरचं बिल पाठवा आणि "मिळालं" असं उत्तर घ्या. तीस दिवसांची मुदत बिल हाती पडल्यापासून मोजत असतील तर जानेवारीत उघडलेल्या बिलाचे पैसे फेब्रुवारीत येतात. युरोपातून पैसे यायचे असतील तर २५, २६ डिसेंबर आणि १ जानेवारीला तिथली आंतरबँक यंत्रणा बंद असते. इकडे दुसरा आणि चौथा शनिवार आहेच.

त्यातच १५ डिसेंबर ही आगाऊ कराच्या तिसऱ्या हप्त्याची तारीख. वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर तोवर ७५ टक्के भरलेला असावा लागतो. व्यावसायिकांच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (जमेचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरतात ती) असाल तर सगळा एकदम १५ मार्चपर्यंत चालतो.

क्लायंट भारतातला असेल तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. ती ऑनलाइन आहे, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेलं असं बिल क्लायंटला पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी कराच्या हिशेबात खर्च म्हणून दाखवता येतं. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा. नोटीस पाठवण्यापेक्षा मार्चमध्ये त्यांच्या सीएची नजर त्या क्रमांकावर पडणं जास्त गुणकारी.

७. आपलंही शटडाउन जाहीर करा

ज्याच्याकडून ३० दिवसांची नोटीस मागता त्याला तुम्हीही तेवढीच द्या. बेळगावचा गणपती अकरा दिवसांचा, आणि विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. घरात गौरी-गणपती, मंडळात पावती पुस्तक तुमच्याकडे, आणि तरी क्लायंटला "ऑनलाइन आहे" म्हणायचं, यात दोन्हीकडे अर्धवट काम होतं. वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाका: या दिवसांत दुपारी दोनपर्यंतच भेटेन, विसर्जनाला आणि दुसऱ्या दिवशी नाही. त्याआधी काय पूर्ण करून देणार तेही लिहा. परदेशी क्लायंटला गणपतीचं फार कौतुक असतं; फोटो पाठवाच म्हणतात.

८. कुलूप उघडेल त्या दिवशी

पहिल्याच सकाळी त्यांच्या मेलपेटीत तीन ओळी हव्यात: सुट्टीआधी काम कुठे थांबलं होतं, मध्ये काय झालं, आज कशाला हात घालतोय. राहिलेल्या बिलाची आठवण त्याच मेलमध्ये घालू नका. ती दुसऱ्या दिवशी, थेट अकाउंट्सला, बिलाचा क्रमांक आणि तारीख घालून.