कामातून येणारे आजार ओळखताना या चुका टाळा

केसपेपरवरच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’ एवढाच शब्द लिहून पुढे जाणे, ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. रुग्णाला त्याचे काम विचारलेच पाहिजे, असे बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या आजारांवरील आपल्या ग्रंथात 1700 साली लिहून ठेवले. तरीही गर्दीच्या ओपीडीत सर्वांत आधी हाच प्रश्न गळतो, आणि विचारला गेला तरी तो आजच्या कामापुरताच असतो.

कोल्हापूर परिसरातील बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ धाप लागते म्हणून माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचे क्षयरोगाच्या औषधांचे दोन कोर्स पूर्ण झालेले होते. दोन्ही वेळा थुंकीत जंतू सापडले नव्हते. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागांत बारीक गोल गाठी होत्या आणि जुन्या सर्व कागदांवर व्यवसाय ‘वॉचमन’ असा होता. वॉचमन होण्याआधी काय करत होता, असे मी विचारले. “फाउंड्रीत फेटलिंगला होतो, अकरा वर्षं. पण ते सोडून चार वर्षं झाली की, डॉक्टरसाहेब,” असे ते म्हणाले. कास्टिंगला, म्हणजे वाळूच्या साच्यात ओतून बनवलेल्या धातूच्या भागाला, चिकटलेली वाळू आणि जादा कडा ग्राइंडरने घासून काढण्याच्या या कामात स्फटिकरूप सिलिकेची धूळ उडते. ती फुप्फुसात साचून होणारा सायलिकोसिस काम सोडल्यानंतरही वाढत राहतो, तो पूर्ववत करणारे औषध नाही, आणि म्हणूनच चार वर्षांपूर्वी सुटलेले काम हाच निदानाचा मुख्य धागा होता.

तेव्हापासून मी कोऱ्या कागदावर रुग्णाच्या पहिल्या कमाईपासूनची सर्व कामे वर्षांसह लिहून घेतो. पदनाम लिहीत नाही, कारण ‘हेल्पर’ या शब्दातून काहीच कळत नाही. हातांनी नेमके काय करत होता, धूळ कुठून उडत होती आणि शेजारच्या मशीनवर काय चालत होते, ते लिहितो. याला सात-आठ मिनिटे लागतात. ती वाचवण्यासाठी थेट सीटी स्कॅन लिहून देणाऱ्या नव्या डॉक्टरांना मी एवढेच सांगतो की स्कॅनमध्ये गाठी दिसतात, त्या कोणत्या धुळीच्या आहेत हे स्कॅन सांगत नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच घातक आहे. सिलिकेमुळे क्षयरोगाचा धोका वाढतो, त्यामुळे सायलिकोसिस ठरला म्हणून थुंकीची तपासणी कधीही टाळू नये.

‘सुट्टीत बरे वाटते का?’ हा प्रश्न चांगला आहे, पण तो सर्वत्र लावू नये. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, म्हणून सूतगिरणीतील कामगाराला तो जरूर विचारावा. सायलिकोसिसची धाप मात्र सुट्टीत कमी होत नाही, आणि तेवढ्यावरून तिचा कामाशी संबंध नाही असे लिहिलेले कागद मी पाहिले आहेत.

कामाची पाळी (शिफ्ट) संपल्यावर लगेच कामगाराची श्रवणचाचणी करू नये. गोंगाटाने आलेला तात्पुरता बधिरपणा त्यात मिसळतो. हातांवरचे ग्रीस थिनरने किंवा रॉकेलने धुणाऱ्याला केवळ मलम देऊन त्वचारोग बरा होत नाही.

प्रतिबंधाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त राग येतो तो मास्क वाटून काम संपले असे मानण्याचा. तोंडाला बांधलेला रुमाल फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण अडवत नाही, आणि एन-95 मास्कही दाढीमुळे चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर कडेने धूळ आत येते. धूळ उडते तिथेच ती ओढून घेणारी व्यवस्था आधी हवी. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे आणि जमीन झाडणे तर पूर्ण बंदच व्हायला हवे, कारण खाली बसलेली धूळ त्यामुळे पुन्हा श्वासाच्या उंचीवर येते. त्याऐवजी व्हॅक्यूम वापरावा किंवा जमीन ओली करून झाडावी. मात्र वितळलेल्या धातूच्या आसपास पाणी नेऊ नये, तिथे स्फोटाचा धोका असतो.

शेवटची चूक म्हणजे एका रुग्णापाशी थांबणे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 89 ने अनुसूचीतील आजाराची माहिती मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवण्याचे बंधन उपचार करणाऱ्या डॉक्टरवर घातले, आणि ते नोकरी सोडलेल्या कामगारालाही लागू केले. अनेक डॉक्टर हा अहवाल व्यवस्थापनाशी वाद नको म्हणून टाळतात. त्या वॉचमनचा अहवाल पाठवताना मी त्यांना विचारले की त्यांच्या ग्राइंडरवर आता कोण आहे. त्यांनी आपल्या धाकट्या मेहुण्याचे नाव सांगितले, आणि पुढच्याच आठवड्यात मी त्याला एक्स-रेसाठी बोलावले.