निरोगी कुत्रा कोणाला म्हणावे? पग कुत्र्यांतील मधुमेहाच्या जनुकीय अभ्यासाचा अनुभव

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी सांगली-मिरजेतील पग कुत्र्यांमधील मधुमेहाच्या जनुकीय कारणांचा विषय घेतला, तेव्हा प्रयोगशाळेतील काम जड जाईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात डीएनए वेगळा करण्याचे तंत्र दोन आठवड्यांत हाती बसले. मी अडकलो तो कुत्र्यांच्या निवडीत, आणि त्यात माझे एक वर्ष गेले.

शुद्ध वंशावर काम करण्याचा मोह का होतो, हे वाचकांना ठाऊकच आहे. टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानंतर कुत्र्यांवरील असे अभ्यास सुकर झाले. एका वंशातील कुत्र्यांत गुणसूत्रांचे लांबच लांब पट्टे न तुटता पुढच्या पिढीत उतरतात, त्यामुळे माणसांच्या मानाने कमी नमुन्यांवरही रोगाशी असलेला संबंध दिसू शकतो. समोयेड या जातीत मधुमेह अधिक आणि बॉक्सरमध्ये विरळ आढळतो, यावरूनही आनुवंशिकतेचा हात स्पष्ट होतो.

माझ्या फसगतीचे मूळ तुलना गटात होते. मधुमेही पग आठ-नऊ वर्षांचे होते. तुलनेसाठी मात्र मी लसीकरणाला येणारे दोन-तीन वर्षांचे पग घेतले, कारण ते सहज मिळत होते आणि त्यांची रक्तशर्करा व्यवस्थित होती. परंतु कुत्र्यातील मधुमेह बहुधा मध्यम वयात किंवा उतारवयात प्रकट होतो. म्हणजे दोन वर्षांचा पग निरोगी नसतो, त्याचा निकाल अद्याप लागलेला नसतो, एवढेच. उद्या मधुमेही होणारे काही कुत्रे मी आजच निरोगी म्हणून नोंदवून बसलो होतो. त्याहून घातक गोष्ट पुढे होती. शहरातील जुने पग बव्हंशी एकाच नराच्या वंशातले होते आणि तरुण पग दुसऱ्या पैदासकाराकडून आलेले. दोन गटांत मला जो ठळक जनुकीय फरक सापडला, तो रोगाचा नव्हताच, तो त्या म्हाताऱ्या नराचा ठसा होता! लांब पट्ट्यांचा जो फायदा मी वर सांगितला, तोच येथे उलटला, कारण एका पूर्वजाचा अख्खा पट्टा रोगाची खूण भासू लागला. म्हणून तुलनेचा कुत्रा किमान आठ वर्षांचा, शक्यतो त्याच घराण्यातला, पण सख्ख्या वेतातला नसलेला घ्यावा, आणि वंशावळ तोंडी न विचारता कागदावर पाहावी.

रुग्ण निवडतानाही सावध राहावे. नसबंदी न झालेल्या कुत्रीला माजानंतरच्या आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे वाढीचे संप्रेरक अधिक स्रवून मधुमेह होऊ शकतो. कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणे), दीर्घकाळ दिलेले स्टेरॉइड आणि स्वादुपिंडाचा दाह हीदेखील कारणे आहेत. हे सगळे एकाच रकान्यात कोंबले तर जनुकांना दोष देण्यात अर्थ राहत नाही.

मार्गदर्शकाबद्दल माझे मत थोडे कडू आहे. माझ्या मार्गदर्शकांनी आकडेवारी तपासली, कुत्र्यांची वये एकदाही विचारली नाहीत. ती चूक दाखवली एका खासगी दवाखान्यातील डॉक्टरांनी, चहा घेता घेता. तयार चाचणी-संच परदेशी पाठवून आयता अहवाल मिळवण्याची वाट तर मुळीच धरू नये, कारण निवड चुकली असेल तर उत्तम यंत्रही चुकीच्याच प्रश्नाचे उत्तर देते.

एवढे वाचून कोणी विषय बदलायला निघाले असेल, तर थांबावे. मालक प्रेमाने सहकार्य करतात. मोतीबिंदूने दृष्टी गेलेल्या आपल्या कुत्र्याचे रक्त देताना कोणी नकार दिल्याचे मला आठवत नाही. नवी निवड केल्यावर माझा तो ठळक फरक नाहीसा झाला आणि प्रबंध नकारात्मक निष्कर्षासह स्वीकारला गेला. आता माझ्या वहीत प्रत्येक निरोगी कुत्र्यापुढे फेरतपासणीची तारीख असते. गेल्या पावसाळ्यात मिरजेचा एक नऊ वर्षांचा पग मधुमेही निघाला, तेव्हा त्याचे नाव खोडून मी ते रुग्णांच्या रकान्यात लिहिले.