नीलमची खिडकी लेझरसमोर लावायची तं आधी अक्ष पाहा

खिडकी म्हणजे लेझरचा बीम आरपार जाऊ देणारी सपाट चकती. पहिलंच सांगतो, तिचा हा नीलम शनीच्या अंगठीतला नाही. आमच्या कॉलेजात पार्सल आलं तेव्हा शिपाई भाऊ भाव विचारून गेले. हा भट्टीत वाढवलेला, पाण्यासारखा बिनरंगी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, मोह्जच्या मापावर 9, म्हणजे ओळखीच्या रत्नांत वर फक्त हिरा, आणि अतिनीलपासून 5 मायक्रॉनच्या आसपास इन्फ्रारेडपर्यंत प्रकाश जाऊ देते. ह्यातच थोडं क्रोमियम गेलं की माणिक, 1960 मध्ये अमेरिकेच्या थिओडोर मेमनने पहिला लेझर त्याच्यावरच चालवला, आणि टायटॅनियम गेलं की 1982 चा पीटर मोल्टनचा टाय-सफायर लेझर, ज्याची तरंगलांबी 650 ते 1100 नॅनोमीटरमध्ये कुठंही जुळवता येते.

आता कामाचं. साधी काच आहे की नीलम अशी शंका असली तं कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेल्या तुकड्यावर तोंडाच्या वाफेची हलकी फुंकर मारा, नीलम उष्णता झपकन पसरवते म्हणून वाफ काचेपेक्षा लवकर उडते. कोटिंगवर मात्र फुंकर नको.

मंग अक्ष. पोट्टे इथंच फसतात बाप्पा. नीलम दुहेरी अपवर्तनाचा आहे, म्हणजे प्रकाशाच्या दोन कंपनदिशांना वेगवेगळा वेग देते, फक्त स्फटिकाच्या एका खास दिशेत, सी-अक्षात, तसं होत नाही. हा सी-अक्ष बीमच्या दिशेत नसला तं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाची कंपनदिशा, बिघडवते आणि तुम्ही आठवडाभर लेझरला शिव्या देत बसता. लॅपटॉपच्या एलसीडीवर पांढरं पान उघडा, समोर पोलरॉइडची पट्टी (एकाच कंपनदिशेचा प्रकाश सोडणारी फिल्म) धरून ती काळी होईपर्यंत फिरवा, आणि मधात खिडकी सपाट धरून हळूहळू गोल फिरवा. सरळ पाहताना मधला भाग काळाच राहिला तं सी-कट, म्हणजे सी-अक्ष खिडकीतून सरळ आरपार, बीम त्यातून बिनधास्त सोडा. एका फेरीत चारदा उजळला-विझला तं अक्ष आडवा किंवा तिरपा आहे, जेव्हा अंधार होते तेव्हा पोलरॉइडच्या अक्षाच्या दिशेत कडेला पेन्सिलने खूण करा आणि ध्रुवीकरण त्या खुणेला समांतर किंवा काटकोनात ठेवा. टाय-सफायरच्या दांड्यात तं पंप (स्फटिकाला ऊर्जा देणारा प्रकाश) आणि लेझर दोन्हीचं ध्रुवीकरण सी-अक्षाला समांतरच लागते.

बसवताना लक्षात ठेवा, अपवर्तनांक 1.76 आहे, म्हणून बिनकोटिंगच्या एकेका बाजूवरून साडेसात टक्के प्रकाश परत येते. तो ठिपका कुठं जाते ते कागद धरून पाहा, काळा अडथळा लावा, चष्मा घाला. ध्रुवीकरण आपतन प्रतलात (येणारा आणि परतणारा किरण ज्यात असतात त्या प्रतलात) असलं तं 60.4 अंशांवर तिरपी बसवा, परावर्तन जवळजवळ नाहीसं होते.

पुसणं. नीलम कडक आहे म्हणून मी एकदा रुमालानंच पुसला, नीलमला काही नाही झालं, पण वरचं कोटिंग ओरबाडून बसलो. आपल्याकडची मेमधली धूळ वेगळीच, ती आधी रबरी ब्लोअरनं उडवा, मंग लेन्स टिशूवर एक थेंब आयसोप्रोपाइल टाकून एकाच दिशेनं ओढा आणि टिशू फेकून द्या. अ‍ॅसिटोन दुपारच्या 45 अंशांत इतकं भरकन उडते की रेघा राहतात, म्हणून सकाळीच करा. घरचा कापूस नको, कपाशीचं गाव असलं तरी, बारीक तंतू राहतात आणि बीममध्ये जळतात. आणि कूलर बंद! त्याचे खारे शिंतोडे सुकले की पांढरे डाग पडतात, निघता निघत नाहीत.

पावसाळ्यात चिलर (स्फटिक थंड ठेवणारं पाण्याचं यंत्र) उगाच 15 अंशांवर ठेवू नका, दमट हवेत थंड स्फटिकावर दव धरते. दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागते त्याच्या, दोन-तीन अंश वरच ठेवा.